आधी प्रश्न, मग फोटो!

मित्रांनो, तुमच्या घरी फोटोंचा अल्बम असेल. नसला, तर आईच्या किंवा बाबांच्या मोबाइलमध्ये फोटो असतीलच. जरा आठवून सांगा बघू, त्यात कशाकशाचे फोटो आहेत? ताईचं लग्न, धाकट्याचं बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, जेजुरीची सहल, नवा बैल, नवा ट्रॅक्टर. बरोबर?

आता दुसरा प्रश्न. त्यात काठवटीचा फोटो आहे का? आजीच्या चंचीचा? पडवीत पालथ्या पडलेल्या पायलीचा? दारामागं उभ्या केलेल्या जात्याचा?

नाही ना! "त्यांचा कसला फोटो काढायचा?" असंच तुम्ही म्हणाल. वस्तू जितकी रोजची, तितकं आपलं तिच्याकडं लक्ष कमी. पण जगात असेही कलाकार आहेत, की जे मुद्दाम अशा रोजच्या वस्तूंचेच फोटो काढतात. साधी खुर्ची, पाण्याची टाकी, कागदांची गाठोडी, आणि हो, आपल्या ताटातली पोळीसुद्धा! त्यांचे फोटो मोठमोठ्या कलादालनांत लागतात आणि लोक त्यांच्यापुढं बराच वेळ थांबतात.

असं काय असतं त्या फोटोंत? त्यांत असते एक कल्पना. नेहमी आपण काय करतो? छान काहीतरी दिसलं की फोटो काढतो. हे लोक उलटं करतात. त्यांच्या मनात आधी एक प्रश्न येतो आणि मग त्या प्रश्नासाठी ते फोटो काढतात. या प्रकाराला 'कन्सेप्च्युअल फोटोग्राफी' म्हणतात. नाव जड आहे, पण काम मुळीच जड नाही. तुम्हाला-आम्हालाही जमेल असं आहे. कसं, ते पाहू या.

पोळीत दिसला चंद्र

मुंबईत जितीश कल्लाट नावाचे चित्रकार आहेत. त्यांचा जन्म १९७४चा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते शिकले. १९९८ साली त्यांचे वडील वारले. तेव्हा जितीश होते अवघे २४ वर्षांचे.

आपलं माणूस गेलं की आपण काय करतो? त्याचा फोटो भिंतीवर लावतो, हार घालतो. कल्लाट यांच्या मनात मात्र पुढं एक वेगळाच प्रश्न आला. वडील १९३६ साली जन्मले आणि १९९८ साली गेले. एवढ्या आयुष्यात त्यांच्या डोक्यावर चंद्र किती रात्री आला असेल?

हिशेब केला. ६२ वर्षं आणि ८ महिने. म्हणजे २२,८८९ दिवस!

आता हे २२,८८९ चंद्र दाखवायचे कसे? कल्लाट यांनी आकाशातल्या चंद्राचा फोटो काढलाच नाही. त्यांनी घेतली पोळी. अख्खी गोल पोळी म्हणजे पौर्णिमा. एक घास तोडला की चंद्र थोडा कमी झाला. आणखी तोडली की अर्धा चंद्र. शेवटी उरली नुसती कोर. अशा कमी-जास्त होणाऱ्या पोळ्यांच्या फोटोंमधून त्यांनी वडिलांचं सगळं आयुष्य मांडलं. सगळ्या मिळून ७५३ चौकटी झाल्या. हे काम २०१० ते २०११ या काळातलं. त्याचं नाव 'एपिलॉग', म्हणजे आपल्या भाषेत उपसंहार.

विचार करा हं. त्यात वडिलांचा चेहरा कुठंच नाही. त्यांचं घर नाही, कपडे नाहीत. आहे ती फक्त पोळी. पण पाहणाऱ्याला कळतं, की माणसाचं आयुष्य म्हणजे रोज उगवलेला दिवस आणि रोज खाल्लेले चार घास. त्यासाठी केलेली धडपडही त्यातच आली. मुलाला वडिलांबद्दल जे सांगायचं होतं, ते पोळीनं सांगितलं.

आता पेन्सिल घ्या आणि आपलाही हिशेब करा. आज तुम्हाला १२ वर्षं पूर्ण झाली असतील, तर १२ गुणिले ३६५ झाले ४,३८०. त्यात लीप वर्षांचे ३ दिवस मिळवा. झाले ४,३८३. आता हाच हिशेब आजीच्या वयाचा करून पाहा. आकडा पाहून आजीच म्हणेल, "अगं बया, एवढे दिस झाले व्हय!"

एक खुर्ची की तीन खुर्च्या?

आता थोडं लांब, अमेरिकेत जाऊ. १९६५ साली जोसेफ कोसुथ नावाच्या विशीतल्या तरुणानं एक गंमत केली. त्यानं एक साधी लाकडी खुर्ची भिंतीशी ठेवली. तिच्या शेजारी त्याच खुर्चीचा, जवळजवळ तेवढ्याच आकाराचा फोटो लावला. आणि दुसऱ्या बाजूला काय लावलं असेल? शब्दकोशातला 'खुर्ची' या शब्दाचा अर्थ, मोठ्या अक्षरांत छापून! नाव दिलं 'एक आणि तीन खुर्च्या'.

आता सांगा, यातली खरी खुर्ची कोणती? "त्यात काय, जिच्यावर बसता येतं ती!" असं तुम्ही झटकन म्हणाल. पण ती खुर्ची मोडली, तर? मग उरेल फोटो आणि उरेल शब्द. आणि शब्दही कुणाला आठवेनासा झाला, तर? मग त्या फोटोकडं बोट दाखवून लोक विचारतील, "हे काय आहे हो?"

हा नुसता डोकं खाणारा प्रश्न नाही, बरं का. तो आपल्या अगदी दारात येऊन उभा आहे. पटत नसेल, तर चला माझ्याबरोबर शेळगावला.

शेळगावात फिरताना

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला बारामती आणि इंदापूर हे तालुके एकमेकांना लागून आहेत. त्यातल्या इंदापूर तालुक्यातलं हे शेळगाव. हा सगळा पट्टा कमी पावसाचा. इथलं खरं जुनं अन्न ज्वारीची भाकरी. पाणी आलं तसा ऊस आला, डाळिंबं आली, पेरू आले. गाव बदललं तशा घरातल्या वस्तूही बदलल्या. जुन्या वस्तू कुठं गेल्या? काही माळ्यावर, काही गोठ्यात आणि पुष्कळशा भंगारवाल्याच्या गाडीवर.

आपण मनानं अशाच एखाद्या घरात शिरू या. प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारायचा आणि मग त्या प्रश्नाचा फोटो कसा होईल ते ठरवायचं.

पहिलं जातं. दोन जड दगडी तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला धरायला खुंटा आणि मधे भोक. त्या भोकात मूठमूठ दाणे वैरायचे आणि खुंटा धरून गरागरा फिरवायचं. पहाटे उठून बायका दळायला बसत. दगड झिजून गुळगुळीत झाला, की पाथरवटाकडून त्याला टाकी मारून घेत. मग विजेची गिरणी आली आणि जातं दारामागं गेलं.

पण जात्याबरोबर आणखी एक गोष्ट गप्प झाली. दळताना बायका ओव्या गात. सासर-माहेर, भाऊ, लेकरं, विठ्ठल, दुष्काळ, सगळं त्या ओव्यांत येई. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या दोघा अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! त्या रचणाऱ्या कितीतरी बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

मग जात्याला प्रश्न काय विचारायचा? "तुझ्यापाशी बसून कोण काय गायलं?" आणि त्याचा फोटो? नुसतं जातं टिपलं तर तो झाला दगडाचा फोटो. पण खुंटा धरलेला आजीचा हात टिपला तर? किंवा जात्यासमोरच्या रिकाम्या पाटाचा फोटो काढला आणि खाली आजीनं सांगितलेली एक ओवी लिहिली तर? मग दगड बोलायला लागेल.

दुसरी पायली. धान्य मोजायचं माप. पूर्वी धान्य तोलत नसत, मापानं मोजत. चार शेरांची एक पायली. त्याहून लहान मापांना मापटं, चिपटं अशी गमतीदार नावं. १९५६ साली वजन-मापांचा नवा कायदा झाला आणि हळूहळू किलो-लिटर आले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ला नाणीही बदलली. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. कायदा दिल्लीत झाला, पण त्याच्यामुळं शेळगावातल्या पायलीचं काम गेलं! हा इतिहास नाही तर काय?

पायलीला विचारा, "तुझ्या पोटात किती मावतं?" ज्वारीनं पायली शिगोशीग भरा आणि फोटो काढा. मग तीच ज्वारी तराजूत घाला आणि दुसरा फोटो काढा. दोन फोटो शेजारी ठेवा. दोन जमाने शेजारी येतील.

तिसरा हंडा. हंडा अजून घरोघर आहे, म्हणून त्याच्याकडं लक्ष जात नाही. पण डोक्यावर हंडा घेऊन चालताना किती पावलं चालावी लागत होती, हे आजीला विचारा. मग फोटो कशाचा काढाल? मी सांगू? घरापासून जुन्या विहिरीपर्यंत जा आणि दर शंभर पावलांवर हंडा जमिनीवर ठेवून एक फोटो घ्या. पंधरा फोटो झाले तर समजा, दीड हजार पावलं. आता हे सगळे फोटो ओळीनं लावा. पाणी किती लांब होतं, ते एक शब्द न बोलता कळेल.

चौथी वस्तू म्हणजे चपला! तुम्ही हसलात ना? पण याच भागातून दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी जाते. बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी गावं तिच्या वाटेवर आहेत. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण. रिंगणाचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही वारीला निघणाऱ्या आजोबांच्या चपलांचा फोटो काढा, निघायच्या दिवशी. ते पंढरपूरहून परत आले, की त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा एक. दोन फोटोंच्या मधे काय काय झालं, ते त्या झिजलेल्या टाचाच सांगतील.

पाहिलंत? वस्तू त्याच आहेत. प्रश्न आला आणि फोटो बदलला.

पाण्याच्या टाक्या आणि सोन्याचा सिंह

प्रश्न सापडला, की पुढं चिकाटी लागते. तिचे धडे घालून दिले जर्मनीतल्या एका जोडप्यानं, बर्न्ड आणि हिला बेखर यांनी. १९५९पासून ते दोघं मिळून फोटो काढू लागले. कशाचे? पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे लोखंडी मनोरे! ज्या गोष्टींना लोक कुरूप म्हणत, त्यांचे.

त्यांनी काही नियम घातले होते. फोटो समोरूनच घ्यायचा. ऊन पडलेलं नको, ढगाळ पांढरट आकाश हवं, म्हणजे सावल्या येत नाहीत. टाकी चौकटीच्या मधोमध. जवळपास माणूस नको. असे कितीतरी फोटो झाले, की ते नऊ-नऊ, बारा-बारा फोटो एकत्र ओळींत लावायचे. मग गंमत दिसे. सगळ्या टाक्याच, पण एकीसारखी दुसरी नाही! कुणी ढोली, कुणी सडपातळ, कुणी टोपी घातलेली.

त्यातल्या कितीतरी टाक्या आणि भट्ट्या पुढं पाडून टाकल्या. फोटो राहिले. १९९० साली व्हेनिसच्या प्रसिद्ध कलाप्रदर्शनात त्यांना 'सुवर्णसिंह' हे बक्षीस मिळालं, आणि तेही शिल्पकलेचं! फोटोतून त्या टाक्या एखाद्या मूर्तीसारख्या उभ्या राहिल्या होत्या ना!

आता सांगा, पाण्याच्या टाक्या आपल्याकडं कमी आहेत का? एकाच तालुक्यातल्या दहा गावांच्या टाक्या अशा नियमानं टिपल्या, तर केवढं मजेदार चित्र होईल!

दादासाहेबांचा वाटाणा

चिकाटीची आणखी एक गोष्ट तर आपल्याच मातीतली आहे. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली काढणारे दादासाहेब फाळके तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. चित्रपटाकडं वळण्याआधी ते छायाचित्रणाचा धंदाही करत. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी काय टिपलं, माहीत आहे? वाटाणा!

त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा ठेवला. थोडं थोडं करत महिनाभराहून अधिक काळ ते त्याची वाढ टिपत राहिले. पडद्यावर दाखवलं तेव्हा दाण्यातून कोंब आला, पानं फुटली, वेल वर चढला, आणि हे सगळं एखाद्या मिनिटात! चित्रपट काढायला पैसे हवे होते, ते देणाऱ्यांना फाळक्यांनी हा वाटाणा दाखवला. राजवाडा नाही, राजाराणी नाहीत. स्वयंपाकघरातला साधा दाणा! पण "डोळ्यांना न दिसणारी वाढ दाखवता येईल का?" हा प्रश्न त्यामागं होता.

इतिहास फक्त तलवारीत नसतो

इतिहास म्हटलं, की आपल्याला किल्ले आणि तलवारी आठवतात. त्या महत्त्वाच्या आहेतच. पण शिवकाळात किंवा पेशवाईत लोक रोज काय वापरत होते, हे कसं कळायचं?

हा प्रश्न पुण्यातल्या दिनकर केळकर यांना पडला. त्यांचा जन्म १८९६चा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. त्यांनी गावोगाव हिंडून जुन्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. नाना तऱ्हेचे दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दरवाजे. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. पुण्यातलं 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' ते हेच. केळकरांनी आयुष्यभराचा हा ठेवा महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. पुण्याला गेलात, तर तिथले अडकित्ते नक्की पाहा. सुपारी कातरायच्या वस्तूला लोकांनी किती रूपं दिली आहेत!

कागदांचंही तसंच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले जुने कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. दयानिता सिंग या छायाचित्रकार बाईंनी देशातल्या अशाच दफ्तरखान्यांचे फोटो काढून २०१३ साली 'फाइल रूम' नावाचं पुस्तक केलं. मांडण्या, गाठोडी, धूळ खात पडलेले कागद. पाहताना मनात येतं, यातल्या एकेका गाठोड्यात किती माणसांच्या जमिनी, भांडणं, हक्क बांधलेले असतील!

वस्तू राहते, गोष्ट जाते

आता मघाच्या तीन खुर्च्यांकडं पुन्हा या. खुर्ची, फोटो आणि शब्द. आपल्या गावातल्या जुन्या वस्तूंचंही हेच त्रिकूट आहे. जातं कदाचित राहील. दगड आहे तो, कुठं जाणार? कुणी त्याला अंगणात कुंडी ठेवायला वापरील. फोटोही मोबाइलमध्ये राहील. पण खुंटा, वैरणं, टाकी हे शब्द आणि त्या दगडाची गोष्ट कुणाकडं आहे? ती आहे आजीकडं, पणजीकडं, शेजारच्या म्हाताऱ्या मावशींकडं. ती कुठं लिहिलेली नाही. आज ना उद्या ती विचारू म्हणत राहिलो, तर एक दिवस विचारायलाच कुणी उरणार नाही.

म्हणून हे काम मोठेपणी करण्यासारखं नाही. ते आत्ता करायचं आहे आणि ते तुम्हीच करू शकता. पाहुणा फोटोग्राफर आला, तर आजी त्याला चहा देईल. गोष्ट मात्र ती नातवंडांनाच सांगेल.

करून पाहा

१. एक वस्तू निवडा. एकच! तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणी ती रोज वापरात असावी.

२. तिच्याबद्दल एक प्रश्न वहीत लिहा. "ही कधी आणली?" हा साधा प्रश्न झाला. "ही नसती तर घरात काय अडलं असतं?" हा चांगला प्रश्न.

३. ज्यांना माहिती आहे त्यांच्याजवळ बसा. ऐका, मधे बोलू नका. त्यांचेच शब्द लिहा. आजी "धाकलं मापटं" म्हणाली, तर तुम्ही "छोटे माप" असं लिहू नका.

४. आता फोटो. भर उन्हात नको. दाराजवळ किंवा खिडकीजवळ सावलीतला उजेड चांगला. मागं एकरंगी घोंगडं किंवा धोतर लावा, म्हणजे वस्तू उठून दिसेल. फ्लॅश बंद. हात हलत असेल, तर कॅमेरा डब्यावर टेकवा.

५. मालिका करायची असेल, तर अंतर, उजेड आणि चौकट प्रत्येक वेळी तीच ठेवा. बेखर जोडप्याला आठवा! भाकरीचे चंद्र करायचे असतील, तर महिनाभर रोज एक फोटो. पौर्णिमेला अख्खी भाकरी आणि मग आकाशातला चंद्र पाहून तेवढीच भाकरी ठेवायची. आणि हो, फोटो झाला की भाकरी खाऊन टाकायची. अन्न वाया घालवायचं नाही!

६. फोटोखाली वस्तूचं नाव, गाव, तारीख आणि गोष्ट सांगणाऱ्याचं नाव लिहा.

एक नियम मात्र कधी मोडायचा नाही. विचारल्याशिवाय कुणाच्या घराचा, हाताचा, चेहऱ्याचा फोटो काढायचा नाही. कुणी "नको" म्हटलं, तर कॅमेरा लगेच खाली. कुणाचं मोडकं घर किंवा फाटका कपडा ही गंमत नव्हे. आपण वस्तूची गोष्ट शोधतोय, माणसाची थट्टा नाही.

आणि कॅमेरा नसेल तर? तरीही अडत नाही. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी पाडा. तिच्यातून वस्तूकडं पाहा आणि जे दिसेल त्याचं चित्र काढा. प्रश्न तर फुकटच असतो!

शाळेत हाच खेळ सगळ्यांनी मिळून खेळता येईल. वर्गातल्या प्रत्येकानं आपल्या घरातल्या पाणी प्यायच्या भांड्याचा फोटो आणायचा. तांब्या, फुलपात्र, पेला, लोटी, प्लॅस्टिकची बाटली. सगळे एकाच आकारात एका तक्त्यावर लावायचे. नंतर बाईंना किंवा सरांना विचारायचं, "यातलं पन्नास वर्षांनी काय उरेल?" बघा कसा वाद रंगतो तो!

आई-बाबांसाठी चार शब्द

मुलं जुन्या वस्तू बाहेर काढू लागली, की घरात थोडी धूळ होणार, थोडा पसारा होणार. होऊ द्या. माळा आवरायला काढाल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा मुलांना हाक मारा. वस्तू ठेवायला जागा नसते, हे खरं आहे. सगळंच जपून ठेवता येत नाही. पण ती घराबाहेर जाण्याआधी तिचा एक फोटो आणि तिची गोष्ट लिहून ठेवायला अर्धा तास पुरतो.

आणखी एक. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबरच जातात. त्यातले दोन-चार तरी कागदावर छापून घ्या आणि मागं पेन्सिलीनं नाव-तारीख घाला. ते आजी-आजोबांच्या हातात द्या. फोटो हातात आला, की राहिलेली गोष्ट त्यांना आपोआप आठवते, आणि ती ऐकायला मुलांबरोबर तुम्हीही बसा.

तर मित्रांनो, दिवाळीची वाट पाहू नका आणि सुट्टीचीही नको. आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली, की आजीजवळ जाऊन बसा आणि कोपऱ्यातल्या एखाद्या वस्तूकडं बोट दाखवून नुसतं एवढंच म्हणा, "आजी, हे गं काय?"

पुढचं सगळं आजी सांगेल. तुम्ही फक्त वही-पेन्सिल जवळ ठेवा. फोटो काय, तो उद्या सकाळच्या उजेडात काढता येईल!